कोकणातलं जुनं घर, भिंतीवरची बुरशी आणि पाण्याची वाट

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बंद घरं गणपतीच्या दोन-चार दिवस आधी उघडतात. मग झाडलोट, फिनेल, आणि माजघराच्या भिंतीवर आलेल्या काळ्या-हिरव्या डागांवर ब्लीचचं फडकं. गौरी जाईपर्यंत भिंत बरी दिसते. दिवाळीला पुन्हा गावी आलं की डाग होते तिथेच, उलट वीतभर पुढे सरकलेले. रंगवाला म्हणतो, बुरशी न धरणारा रंग मारू. गवंडी म्हणतो, गिलावा उडवून वॉटरप्रूफिंग करून टाकू. दोघांचे पैसे चुकते होतात आणि पुढच्या श्रावणात भिंत पुन्हा काळी.

सगळा खर्च बुरशीवर होतो, पाण्याकडे कोणी बघत नाही, म्हणून हे असं चालतं. बुरशी घालवायची तर पाणी कुठून येतं हे शोधायला हवं, हे बहुतेकांना पटतं. पण त्याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: पूर्वी हे पाणी घरातून बाहेर कसं जायचं, आणि आता का जात नाही? जुनी घरं काही कोरडी नव्हती. ती भिजायची आणि सुकायची. आपण दुरुस्त्या करताना त्यांचं सुकणं बंद केलं.

बुरशीला लागतं तरी काय

बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतात. गुहागरच्या घरात असतात तसे जैसलमेरच्या घरातही असतात. त्यांना रुजायला तीन गोष्टी हव्यात. खायला काहीतरी सेंद्रिय, म्हणजे लाकूड, कागद, कापूस, चामडं, रंगातला चिकट भाग, नाहीतर भिंतीवर बसलेली नुसती धूळसुद्धा. दुसरी ऊब. तिसरं पाणी. कोकणात पहिल्या दोन गोष्टींवर आपला काही इलाज नाही. उरतं पाणी.

हे पाणी भिंतीवरून ओघळायलाच हवं असं नाही. भिंतीला चिकटून असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाच्या हवेत मावेल तेवढ्या वाफेपैकी किती टक्के वाफ खरोखर आहे तो आकडा, ८० टक्क्यांच्या वर काही दिवस सलग राहिली, तर बहुतेक बुरशींना तेवढं पुरतं. काही जाती ७५ च्या आसपासही जगतात. ६० च्या खाली मात्र त्यांचं फारसं चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरची हवा ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे हिशेबाने कोकणातली प्रत्येक भिंत पावसाळाभर काळी पडायला हवी. तशी ती पडत नाही, कारण खरी गोष्ट बाहेरच्या हवेची नाही, भिंतीच्या पृष्ठभागाची आहे. पृष्ठभाग आजूबाजूच्या हवेपेक्षा जरा उबदार असला की त्याला लागून असलेली हवा कोरडी होते, जरा गार असला की दमट.

आकड्यांत सांगतो. २८ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा नुसती ३३ अंशांपर्यंत तापवली, तिच्यातलं पाणी अजिबात काढलं नाही, तरी तिची सापेक्ष आर्द्रता ६८ टक्क्यांच्या आसपास येते. पाच अंशांत बुरशीचा धंदा बसतो. जुन्या स्वयंपाकघरातली चूल हेच करत होती. दिवसातून दोनदा पेटायची, धूर आणि वाफ कौलांच्या फटींतून निघून जायची, वासे-रिपा काजळीने काळ्या व्हायच्या पण कुजायच्या नाहीत. चूल परत पेटवा असं मी म्हणत नाही. चुलीच्या धुराने कोकणातल्या बायकांच्या छातीचं काय केलं ते आपल्याला माहीत आहे. पण चूल गेली तेव्हा घर सुकवणारं एक यंत्र गेलं, आणि त्याच्या जागी आलेला गॅस उलट पाणी देतो. एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलो पाण्याची वाफ होते. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलेंडरमागे वीस-बावीस लिटर पाणी घराच्या हवेत. भाताची, डाळीची वाफ वेगळीच.

चिऱ्याची भिंत कशी वागते

चिरा म्हणजे जांभ्या दगडाचा घडवलेला ठोकळा, आणि जांभा सच्छिद्र असतो. भारतीय मानकानुसार बांधकामाच्या चिऱ्याने आपल्या वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी प्यायलेलं चालतं. पंचवीस किलोच्या चिऱ्यात म्हणजे तीन लिटर. जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर सहसा नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी, दिव्यातली वात तेल ओढते तसं, चिऱ्याच्या बारीक छिद्रांतून वर चढतं. हे पूर्वीही चढायचं. फक्त त्याला वाटेत बाहेर पडायला जागा होती.

पहिली जागा जमीन. शेणाने सारवलेल्या मातीच्या जमिनीतून ओल हळूहळू वर येऊन उडून जायची. दुसरी जागा भिंतीचा चुन्याचा गिलावा. किनाऱ्यावर तो बहुतेक शिंपल्यांच्या चुन्याचा असे. गोव्यातल्या जुन्या घरांतही तोच. चुना पाण्याला अडवत नाही, पण भिंतीत गेलेलं पाणी परत वाफ होऊन बाहेर येऊ देतो. शिवाय ताज्या चुन्याचा सामू (पीएच) साडेबाराच्या जवळ असतो, त्यात बुरशी रुजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन तो काही महिन्यांत मवाळ होतो, म्हणूनच दरवर्षी पांढरी करायची पद्धत होती. सणासाठी घर उजळ दिसावं हा झाला एक भाग. बाकी काम चुना मुकाट्याने करत असे.

तिसरी जागा छप्पर. नळ्याची काय, मंगलोरी काय, कौलं एकमेकांवर नुसती टेकलेली असतात. खालून वर जाणारी गरम हवा त्यांच्या फटींतून सतत निसटते. आणि पाणी मुळात कमी आत यावं म्हणून लांब वळचण, चारी बाजूंनी पडवी, उंच जोतं, आणि पश्चिमेच्या झडीला अडवायला पावसाळ्यापुरती बांधलेली नारळाच्या झावळ्यांची झापं.

आता आपण काय केलं ते बघा. सारवणाच्या जमिनीवर लादी घातली. खालची ओल तिथून निघेना, ती कडेकडेने भिंतीत शिरली. भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिक पेंट चढवला. ओल बाहेर पडेना, ती वाट काढत आणखी वर चढली. कौलांखाली जिप्सम बोर्डाची फॉल्स सीलिंग लावली. त्याचा कागद म्हणजे बुरशीचं आवडतं खाणं, आणि वर झालेली गळती महिनाभर कळत नाही. पाल-उंदीर नकोत म्हणून झरोके बुजवले. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पेव्हर ब्लॉक घातले. वळचणीच्या पागोळ्या पूर्वी मातीत जिरायच्या, त्या आता आपटून भिंतीवर हातभर उंच उडतात. यातली कुठलीच गोष्ट एकटी वाईट नाही. मलाही सारवत बसायला नको वाटतं. पण सगळ्या मिळून घर एका पिशवीत घातल्यासारखं होतं.

आमच्या आत्याच्या घरी हे सगळं क्रमाने झालं. लादी घातल्यानंतरच्या पावसाळ्यात भिंतीला गुडघ्याएवढी ओल. मग आतून सिमेंट. गवंडी म्हणाला, "काकी, पाच फुटांपर्यंत केमिकल घालून मारतो, वीस वर्षं बघायला नको." पुढच्या वर्षी पाच फुटांपर्यंत खरंच काही नव्हतं. ओल साडेपाच फुटांवर होती, देवघराच्या फडताळाच्या पातळीला, आणि स्विचबोर्डला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. मी त्या गिलाव्यावर बोटाने टकटक केलं तर तो पोकळ वाजला. एका जागी कडा धरून ओढला, तर पाटीएवढा तुकडा अलगद निघून आला. सिमेंटची आतली बाजू ओली, चिऱ्याचा दर्शनी भाग हाताला भुसभुशीत, आणि मधल्या पोकळीत पांढरी, सुईसारखी बारीक लव. आत्या म्हणाली, "अगो बाई, केवढी बुरशी!" ती बुरशी नव्हती.

मीठ

ती पांढरी लव म्हणजे लोणा. भिंतीतून पाणी चढताना क्षार बरोबर आणतं आणि पाणी उडून गेलं की ते पृष्ठभागावर राहतात. किनाऱ्यावर यात खाऱ्या वाऱ्याने आणलेलं मीठ मिसळतं. त्याहून जास्त मीठ आपण स्वतः विकत आणतो: खाडीतून उपसलेली वाळू न धुता गिलाव्यात गेली तर भिंतीत पहिल्या दिवसापासून मीठ असतं.

लोणा की बुरशी हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. लोणा विरघळतो, बुरशी फक्त ओली होते. लोणा बोटांत चुरला की कुरकुरतो. बुरशी पसरते आणि कुबट वास येतो. (चाखून बघण्याचा सल्ला काही जुनी माणसं देतात. नको.)

मिठाचा खरा त्रास वेगळा आहे. साधं मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत जे होतं तेच भिंतीत होतं. म्हणून किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत कौल दुरुस्त केलं, जोत्याची ओल थांबवली, तरी काही ठरावीक चकंदळं दर पावसाळ्यात ओली होतातच. तिथे बाहेरून पाणी येतच नसतं. भिंत हवेतून पाणी पितेय. ओल्या कापडाने लोणा पुसला तर तो विरघळून पुन्हा आत जातो, म्हणून तो कोरड्या ब्रशने झाडून, घमेल्यात धरून, घरापासून लांब टाकायचा. मीठ मुरलेला गिलावा ठेवून त्यावर रंग मारण्यात अर्थ नाही. तो काढावाच लागतो.

डाग वाचायला शिका

डागाची जागा निम्मं निदान सांगते. फरशीपासून कमरेपर्यंत, भिंतभर सलग, वरची कड लाटेसारखी वेडीवाकडी: जमिनीची ओल. पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या भिंतीवर, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांपाशी ठिपक्याठिपक्यांनी: झडीचं पाणी, बहुधा गिलाव्याच्या तड्यातून. भिंतीच्या माथ्याशी, वाशांच्या टोकांजवळ: फुटलेलं किंवा सरकलेलं कौल, नाहीतर दोन उतार मिळतात तिथली तुंबलेली पन्हळ. कपाटामागे किंवा गाद्यांच्या चळतीमागे, बाकी भिंत स्वच्छ असताना: हवा फिरत नाही, एवढंच. कपाट चार बोटं पुढे ओढणं हा या लेखातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

एसीच्या खोलीतली बुरशी आता नव्याने दिसू लागली आहे, आणि तिथे गणित उलटं होतं. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची हवा साधारण २५ अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की तिचं दव होतं. आपण एसी लावतो बावीस-चोवीसवर. भिंत थंड झालेली, आणि दाराच्या फटीतून, कौलांतून, खिडकीच्या झडपांतून बाहेरची दमट हवा येतच असते. ती थेट त्या गार भिंतीवर ओली होते. जुन्या कौलारू घरातल्या एकाच खोलीला एसी लावायचा तर आधी ती खोली हवाबंद करावी लागते, आणि तापमान २६-२७ च्या खाली नेऊ नये. रात्रभर अठरावर चालणारा एसी आणि वर उघडी कौलं, यातून सकाळी पाणी मिळणारच.

तरी शंका राहिली तर एक जुनी युक्ती आहे. संशयित जागी, कोरड्या दिवशी, फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर ते हवेतलं आहे. शिवाय काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक घरात असावा. तो टीव्हीवर नाही, वाईट कोपऱ्यात ठेवावा.

दुरुस्ती: काय आधी, काय नंतर

दुरुस्तीचं काम मे महिन्याच्या शेवटी, आगोटीच्या गडबडीत काढू नका. जाड भिंत सुकायला इंचाला महिना असा बांधकामातला एक जुना ठोकताळा आहे. बारा इंचांच्या भिंतीला तो लावून बघा म्हणजे घाई का नको ते कळेल. दिवाळीनंतर पाण्याच्या वाटा बंद करा, गिलावा उघडा करा, भिंत मार्च-एप्रिलपर्यंत ऊन खाऊ द्या, मग नवा गिलावा. गणपतीच्या आधी आठ दिवसांत भिंत करून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं.

वरून खाली यायचं. आधी शाकारणी: कौलं उतरवून, फुटकी बदलून, पुन्हा बसवणं. हल्ली शाकारणीला माणसं मिळत नाहीत म्हणून लोक कौलांवर पत्र्याची शेड टाकतात. पाणी थांबतं हे खरं, पण पत्रा रात्री आकाशाखाली गार पडतो आणि त्याच्या आतल्या बाजूला दव धरून थेंब टपकतात. तेव्हा पत्रा आणि कौलं यांच्यामध्ये दोन्ही टोकांना हवा खेळायला जागा ठेवलीच पाहिजे. वर चढलात तर वाशांची भिंतीत घुसलेली टोकं स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. टोक लोण्यासारखं आत गेलं तर तो बुरशीचा नाही, सुताराचा विषय आहे. घरावर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांवरचं शेवाळं-बुरशी कोरडी घासायची नाही. त्यात अॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना बुरशीपेक्षा कितीतरी वाईट.

मग जमीन. घराभोवती वर्षानुवर्षं माती साचत जाते, कुंड्या येतात, झाडांची आळी येतात, आणि जोतं निम्मं पुरलं जातं. ते मोकळं करा. खळ्याचा उतार घराबाहेर हवा. पागोळ्या पडतात त्या रेषेत पेव्हर काढून फूट-दीड फूट रुंदीची खडीची चारी केली तर पाणी उडत नाही आणि जोत्याजवळची जमीनही श्वास घेते. हे काम एका दिवसाचं आहे आणि माझ्या मते महागड्या केमिकलपेक्षा जास्त गुणाचं.

भिंतीत भोकं पाडून ओल रोखणारं रसायन भरायची पद्धत विटांच्या सरळ भिंतींत ठीक चालते. चिऱ्याच्या भिंतीत, त्यातही मातीत रचलेल्या, आत पोकळ्या असतात. रसायन कुठे जातं ते भरणाऱ्यालाही दिसत नाही. त्यावर लाखभर रुपये घालण्यापूर्वी वरची दोन कामं करून एक पावसाळा जाऊ द्यावा.

गिलाव्याचं म्हणाल तर ओल चढते तिच्या फूट-दीड फूट वरपर्यंत सिमेंट उडवून चुन्याचा गिलावा करणं उत्तम. चुन्यात काम करणारा गवंडी मिळणं अवघड झालंय, हे कबूल. नाहीच मिळाला तर एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग गोडी वाळू हे मिश्रण निव्वळ सिमेंटपेक्षा बरं. भिंत त्यातून थोडी तरी सुकते. वाळू गोड्या पाण्यातली, नाहीतर धुतलेली. वर रंग द्यायचा तर चुन्याचा. प्लास्टिक पेंट, तो कितीही बुरशीरोधक असला तरी, ओल्या भिंतीवर झाकणाचंच काम करतो. फुगे येतात, पोपडे निघतात आणि त्यांच्यामागे बुरशी निवांत असते. मीठ मुरलेल्या भिंतीवरचा चुन्याचा गिलावा काही वर्षांनी झडतोच. तो झडावा म्हणूनच असतो. मीठ त्याच्यात येतं आणि चिरा वाचतो. चुन्याला हात लावताना मोजे आणि डोळ्यांना चष्मा हवा, तो डोळ्यात गेला तर भाजतं.

डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढणारं यंत्र, दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीतच उपयोगाचा. कौलांच्या फटी उघड्या ठेवून तो चालवला तर अरबी समुद्र सुकवायला घेतल्यासारखं आहे. आणि भर पावसात "हवा खेळू दे" म्हणून खिडक्या उघडल्या तर बाहेरची तितकीच दमट हवा आत येते. खिडक्या उघडायच्या त्या उघडीप पडली, ऊन आलं की. एरवी पंखा. त्याने आर्द्रता कमी होत नाही, पण भिंतीला चिकटलेला दमट थर हलतो आणि कोपऱ्यांना तेवढंही पुष्कळ असतं. कपाटात बल्ब लावून ठेवायची आपली जुनी युक्ती बरोबर होती, मात्र तो तारेचा पिवळा बल्ब होता, तापायचा. त्याच्या जागी एलईडी लावून काही होत नाही. डांबराच्या गोळ्या कसरीला आणि झुरळांना. बुरशीला त्यांचं काही वाटत नाही.

साफसफाई

पाण्याची वाट बंद झाल्यावर उरलेली बुरशी काढायची. साधारण तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा डाग घरच्या घरी काढता येतो. त्याहून मोठं प्रकरण, किंवा फॉल्स सीलिंगच्या आत पसरलेलं, माहितगाराकडून काढून घ्यावं.

केरसुणी पहिल्यांदा लांब ठेवा. कोरडं झाडलं की बीजाणू घरभर उडतात. एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा. बाहेरची खिडकी उघडी, आतलं दार बंद, पंखा बंद. भिंत ओली करायची असेल तर आधी त्या खोलीची वीज मेन स्विचवरून बंद करा. मग डाग साबणाच्या पाण्याने हलका भिजवून घासा, पुसा, फडकी पिशवीत बांधून टाका. लादी, काच, धातू, ऑइलपेंटच्या दारांसाठी ब्लीच चालतं, एक वाटीला सोळा वाट्या पाणी या बेताने. चिरा, गिलावा, कच्चं लाकूड यांवर ब्लीचने फक्त रंग उडतो. त्यातलं पाणी आत मुरतं, क्लोरीन वर राहतं, आणि बुरशीचे तंतू आत सुखरूप.

हे मात्र ठळक: ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करायचं नाही, एकापाठोपाठ एकाच जागी वापरायचंही नाही. क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद न्हाणीघरात तो माणसाला जागेवर पाडू शकतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही नाही, त्यातूनही विषारी वायू निघतो.

तब्येतीचं काय

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओल-बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ओल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दमा उसळणं आणि श्वसनाचे संसर्ग जास्त, हे त्यात बऱ्यापैकी खात्रीने म्हटलंय. ओळखायची साधी खूण: गावच्या घरात चार दिवस राहिलं की शिंका, छातीत घरघर, आणि मुंबईला परतलं की दोन दिवसांत बरं. असं दरवेळी होत असेल तर डॉक्टरांना घराबद्दलही सांगा, कारण ते आपणहून विचारतीलच असं नाही. बुरशी वर्षानुवर्षं छातीत जात राहिल्याने फुप्फुसाला कायमची सूज आणि व्रण येण्याचा एक आजारही आहे. फुप्फुसांच्या अशा विकारांच्या भारतातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांमधल्या १,०८४ रुग्णांची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात हाच प्रकार सर्वाधिक, जवळजवळ निम्मा निघाला, आणि त्यातल्या निम्म्याअधिक नाही तरी निम्म्याच्या जवळपास लोकांच्या घरी कूलर होता. कोकणात कूलर फारसे नाहीत, पण ओलसर जागेत वाढणारं काहीतरी रोज श्वासातून घेणं म्हणजे काय, हे त्यातून कळतं.

२०२१ च्या कोविडच्या लाटेनंतर भिंतीवर काळं दिसलं की लोक घाबरतात. तेव्हाचा "ब्लॅक फंगस" म्हणजे म्युकरमायकोसिस. त्यात काळी दिसायची ती माणसाची मेलेली ऊती. भिंतीवरचे काळे डाग बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम किंवा ॲस्परजिलसच्या जातींचे असतात. रंगावरून जात कळत नाही, आणि जात कळून उपाय बदलत नाही, त्यामुळे भिंत खरवडून नमुने तपासायला पाठवण्यात पैसे घालू नका. मधुमेह हाताबाहेर असलेल्या, केमोथेरपी किंवा स्टिरॉइड चालू असलेल्या, दमेकरी आणि तान्ही मुलं यांनी मात्र साफसफाई चालू असताना घरात थांबू नये.

बंद घर

जून ते ऑगस्ट कुलूप असलेल्या घरात चूल नाही, पंखा नाही, दार उघडणं नाही. निघताना आतली सगळी दारं, कपाटांची दारं, फडताळं उघडी टाकून या. बाहेरची कुलुपं पुरेशी आहेत. बुजवलेले झरोके उघडून त्यांना जाळी लावा. सामान बाहेरच्या भिंतींपासून सोडवून मधोमध आणा. गाद्या प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, मेच्या उन्हात कडक वाळवून पलंगावर उभ्या करा. किल्ली शेजारी देऊन आलात तर उत्तम: उघडीप पडेल त्या दिवशी दोन तास दारं उघडायची, एवढंच काम. आणि गळती दिसली तर फोन. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत सुकली तर बहुधा वाचते, नंतर नाही.

आत बुरशी शिरलेली कापसाची गादी वाचत नाही. वरून ऊन दाखवून वास जातो, बुरशी नाही. ती टाकावी. लाकडी सामान उन्हात सुकवून, ओल्या फडक्याने पुसून, मग घासून पॉलिश करता येतं. पुस्तकं आधी पूर्ण सुकवायची, मगच मऊ ब्रशने, घराबाहेर, मास्क लावून झटकायची. ओल्या पानावर ब्रश फिरवला तर डाग कायमचा. जमिनीची कागदपत्रं, खरेदीखतं, आजोबांचे फोटो असलं काही त्या घराच्या ट्रंकेत असेल तर ते पावसाळ्याआधी मुंबई-पुण्याला घेऊन या. फोटोची फ्रेम भिंतीवर ठेवायचीच असेल तर मागे चारी कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाची चकती चिकटवा, म्हणजे चौकट भिंतीला टेकत नाही.